कारल्याचा अभंग

बदलीचा कागद एकाच्या नावाने निघतो, पण बदली होते घरातल्या सगळ्यांची. ज्याच्या नावाने कागद निघतो त्याचं बरं असतं. त्याला तिकडे टेबल तयार असतं, खुर्ची तयार असते, गळ्यात अडकवायला फोटोचं कार्ड तयार असतं. पोरांना शाळेत हजेरी क्रमांक मिळतो. उरते बायको. ती सामानाबरोबर येते, आणि डाळीचे डबे कुठे, गाद्या कुठे, देव कुठे हे सगळं तिनेच ठरवायचं असल्यामुळे स्वतःला कुठे ठेवायचं हा प्रश्न सगळ्यात शेवटी निघतो. तोपर्यंत जागा संपलेली असते.

आम्ही कोल्हापूरहून चेन्नईला आलो ते ऐन मे महिन्यात. तमिळ पंचांगात या दिवसांना 'अग्निनक्षत्र' म्हणतात. त्या लोकांनी प्रामाणिकपणे नाव देऊन ठेवलंय, आपणच बघत नाही. नवऱ्याची कंपनी ओरगडमला, मोटारींचे सुटे भाग करणारी. घर घेतलं नंगनल्लूरला. कारण काय, तर लेकीची शाळा जवळ, कंपनीची बस कोपऱ्यावर, आणि तिथे एकाच दगडातला बत्तीस फुटी मारुती आहे. हे तिसरं कारण कराडहून सासूबाईंनी फोनवर शोधून काढलं होतं. "मारुती पाठीशी आहे, मग काळजी नाही," असं म्हणून त्यांनी आमचं घर पक्कं केलं. भाडं किती ते त्यांनी विचारलं नाही, मारुतीची उंची तेवढी दोनदा विचारली.

कोल्हापुरात मी एका पतसंस्थेत वसुली विभागात होते. आवाजावर माझी नोकरी होती म्हटलं तरी चालेल. मार्चअखेरीला मी नुसतं "नमस्कार, ओळखलंत का?" म्हटलं, की समोरचा माणूस जामीनदाराला घेऊन हप्ता भरायला यायचा. ती नोकरी मी सोडली. म्हणजे राजीनामा मी दिला, निर्णय आम्ही घेतला आणि बदली त्यांची झाली. संसारात क्रियापदं अशीच वाटून घ्यायची असतात.

निघताना मी मनाशी एक ठराव केला होता. नव्या शहरात आपल्याला कोणी ओळखत नाही. तेव्हा तिथे आपण नवीन व्हायचं. पहाटे पाचला उठायचं. पोरीवर ओरडायचं नाही. नवरा बोलायला लागला की त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. संथ, हसतमुख, थोडी गूढ अशी बाई व्हायचं. हा ठराव शाळेच्या पहिल्या दिवसापर्यंत टिकला. त्या दिवशी लेकीचा एक मोजा सापडेना, आणि माझा मूळ आवाज तिसऱ्या मजल्यावरून थेट पार्किंगपर्यंत गेला. खाली पाण्याचे कॅन उतरवणाऱ्या मुलाने कॅन तसाच हातात धरून वर बघितलं. त्याच्याकडे बहुधा काहीतरी थकबाकी असावी.

त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये समोरच्या मामी भेटल्या. तिकडे सत्तरीच्या घरातल्या, नऊवारीसारखीच लांबलचक साडी नेसून भाजीला निघालेल्या बाईला मामी म्हणायचं असतं, हे मला लेकीने सांगितलं होतं. मामींनी इंग्रजीत चौकशी सुरू केली. यजमान? ओरगडमला. मुलगी? दुसरीत. "आणि तुम्ही?"

आता 'गृहिणी' म्हणण्यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या आईने जन्मभर तेच केलं आणि तिच्यापुढे माझ्या वडिलांचे तीन साहेब चळाचळा कापत. पण कालपर्यंत तालुक्यातले थकबाकीदार ज्या बाईला वचकून होते, तिच्या तोंडातून तो शब्द निघेना. मामी वाट बघत होत्या. लिफ्टही वाट बघत असल्यासारखी दोन मजल्यांच्या मध्ये रेंगाळली. मामी आत येताना काहीतरी गुणगुणत होत्या, ते कानात होतं. मी म्हटलं, "मी गाते."

मामींचा चेहरा उजळला. "गाव कुठलं?"

"माहेर मिरज," मी म्हटलं. इथे तरी खरं बोलावं म्हणून.

हाच घोटाळा झाला. मामींनी पिशवी खाली ठेवली आणि माझे दोन्ही हात धरले. मिरज! त्यांच्या घरी मिरजेचा तंबोरा होता. आईकडून आलेला. तंजावरचा तंबोरा फणसाच्या लाकडाचा, मिरजेचा भोपळ्याचा, आणि तो भोपळा पंढरपूरकडचा, ही सगळी माहिती मिरजेच्या मुलीला नंगनल्लूरच्या लिफ्टमध्ये मिळाली. मिरजेच्या तंतुवाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी वर्तमानपत्रातली ती बातमी उलटून लिलावाच्या नोटिसा वाचल्या होत्या. आमच्या गल्लीपासून सतारमेकरांची दुकानं चालत पाच मिनिटांवर. पण मी त्या बाजूला गेले की ज्वारी दळायला जायची, तंबोऱ्याची जवारी ऐकायला नाही.

मामींनी पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव घेतलं आणि कान पकडले. खाँसाहेब मिरजेत राहिले, दक्षिणेत येऊन गायले, त्यागराजांच्या कृतीसुद्धा त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. आणि १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळ कोविलच्या स्टेशनवर उतरून, तंबोरा लावून गाता गाता त्यांनी देह ठेवला. नवऱ्याची कंपनीची बस रोज तिथूनच ओरगडमकडे वळते. मिरजेहून गायला मद्रासकडे आलेल्या माणसाचं काय होतं, हे इतिहासाने लिहून ठेवलेलं होतं. मी फक्त वाचलेलं नव्हतं.

रात्री मी हा प्रकार घरात सांगितला. नवरा वेष्टी नेसून फिल्टरची कॉफी वरखाली ओतत बसला होता. त्याचं सगळं आठ दिवसांत जमलं होतं. बाहेरून पाहिलं तर हा माणूस जन्मभर मैलापूरला राहतोय असं वाटावं. तो शांतपणे म्हणाला, "अगं, गाते कशाला सांगितलंस? चित्रकार आहे म्हणायचं. चित्रं गावाकडे राहिली म्हणून सांगता येतं. गळा कुठे राहिला म्हणून सांगशील?"

लेक म्हणाली, "आई, तू खोटं बोललीस?"

"खोटं नाही गं," मी म्हटलं. "आगाऊ बोलले."

पोरीला खोटं बोलू नये हे शिकवायचं वय आणि आपल्याला खोटं निस्तरायची वेळ एकदमच आली. त्यातून तिची शाळा अशी, की महिन्याभरात ती दोन भाषांमध्ये खरं बोलायला लागली. खालच्या किराणावाल्याला, रिक्षावाल्याला, कचरा न्यायला येणाऱ्या अक्कांना मी काय म्हणते ते तीच सांगायची. मी "सुट्टे नाहीत" म्हटलं, तर ही तमिळमध्ये "आईकडे आहेत, पण ती देत नाही" असं सांगायची. समोरच्याच्या चेहऱ्यावरून मला भाषांतराचा दर्जा कळायचा.

यानंतरचे महिने मी गायिकेचे सगळे हाल सोसले, फक्त गायले नाही. मामी सकाळी टीव्हीचा आवाज बारीक करायच्या, माझ्या रियाजात व्यत्यय नको म्हणून. गार पाणी मला कोणी देईना. वाढदिवसाला गेले, आईस्क्रीमचा ट्रे माझ्यासमोरून पुढे गेला. "सिंगर आहेत" म्हणून चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी मला सुंठीचा काढा दिला. तो मी त्यांच्यासमोर प्यायले आणि रात्री गुपचूप कुल्फी खाल्ली. माझ्या घरातून आवाज का येत नाही, यावर मी सांगितलं होतं, "आमच्या घराण्यात मनात रियाज करतात." मामींनी हे इतक्या गंभीरपणे ऐकलं, की मला घराण्याची काळजी वाटली.

आणि हे सगळं कुठे, तर चेन्नईत. युनेस्कोने २०१७ साली संगीताचं सर्जनशील शहर म्हणून या गावाची नोंद केली. इथली म्युझिक अकॅडमी १९२८ सालची. इथे डिसेंबर उजाडला की लोक थंडीऐवजी कचेऱ्यांची वाट बघतात. कचेरी म्हणजे आपली नव्हे, गाण्याची बैठक. जिथे भाजीवालीसमोरसुद्धा गुणगुणायला भीती वाटावी, कारण ती ताल धरेल, त्या गावात मी गाते म्हणून सांगितलं होतं. थाप मारायला मला भारतभर जागा होती.

मग नवरात्र आलं.

तमिळ घरांत नवरात्राला 'गोलू' मांडतात. तीन, पाच, सात, नऊ अशा विषम पायऱ्या, त्यांवर बाहुल्या. लग्नात माहेरून दिलेली लाकडी राजाराणीची जोडी मानाच्या जागी. खाली वाण्याचं दुकान मांडून बसलेले शेठ-शेठाणी, मान डोलावणारी तंजावरची बाहुली, दशावतार, आणि जागा उरली तर क्रिकेटचा सामना. बायकांनी एकमेकींकडे जायचं, हळदीकुंकू घ्यायचं, विड्याची पानं, सुपारी आणि रोज वेगळ्या कडधान्याची सुंडल घेऊन यायचं. इथवर सगळं आपल्यासारखंच. फरक एकच. गोलूसमोर बसलेल्या पाहुणीला म्हणतात, "एक गाणं म्हणा." आणि तिथे कोणी आढेवेढे घेत नाही. शिंकेइतक्या सहजपणे बायका गाऊन मोकळ्या होतात.

पहिले काही दिवस मी घशावर काढले. पण नवऱ्याला सुंडलीची चटक लागली होती. "आज मामींकडे हरभऱ्याची आहे म्हणे," तो म्हणाला. "जा की. नुसतं बसून ये." ज्या माणसाने मला इतक्या लांब आणलं, त्याने मला वाटीभर हरभऱ्यांसाठी पुढे ढकललं. स्त्रीचं बलिदान इतकं स्वस्त असू नये.

मामींची बैठक भरलेली होती. पहिल्यांदा एका चिमुरडीने गायलं. वय माझ्या लेकीचं, दात पडलेले, पण मांडीवर ताल अचूक. मग खुद्द मामींनी तो मिरजेचा तंबोरा काढला, डोळे मिटले आणि गायला लागल्या. मी ताठ बसले. मराठी! नामदेवांचा अभंग. एकही शब्द इकडचा तिकडे नाही, ळ स्वच्छ, विठ्ठल असा म्हटलेला की आमच्या गल्लीतल्या काकड आरतीला लाज वाटावी.

व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावर घेतलं आणि त्यांच्या मागोमाग मराठी कीर्तन तिकडे गेलं, तिकडच्या हरिकथेला त्याने वळण लावलं, तिकडच्या भजनपरंपरेत तुकाराम-नामदेव मुक्कामालाच राहिले. हे सगळं मी शाळेत शिकले असेन. पण आपला मुलूख सोडून हजार किलोमीटर आल्यावर तो आधीच येऊन बसलेला असेल, आणि आपल्यापेक्षा सुरात असेल, याची शाळेने कल्पना दिली नव्हती. मामींची मराठी अशी की कृपा, चरण, संसार, माहेर, वैकुंठ हे सगळे शब्द येत, कोथिंबीर येत नसे. अभंगांची वही तमिळ लिपीतली. आणि प्रत्येक अभंगानंतर त्या मला अर्थ विचारत. मी सांगे, "फार खोल आहे." ते तर खरंच होतं.

"आता मिरजेच्या बाई," मामी म्हणाल्या आणि तंबोरा माझ्याकडे वळवला.

माणूस बुडताना म्हणे सगळं आयुष्य डोळ्यांपुढून जातं. माझ्यापुढून सगळी गाणी गेली आणि प्रत्येकाचं दुसरं कडवं गायब होतं. आरती म्हणावी, तर आरती मला घोळक्यातच येते. पहिली ओळ जोरात, मग टाळ्या, मग इतरांच्या तोंडाकडे बघत पुटपुट, आणि शेवटी पुन्हा जोरात. भावगीतांची फक्त धृपदं. पहिल्यापासून शेवटपर्यंत येणारं गाणं आयुष्यात एकच निघालं. लहानपणी हादग्याला पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून म्हणायचो ते, कारल्याच्या वेलाचं. सून सासूकडे माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी वेल लाव. वेल लावला, तर कारलं येऊ दे. कारलं आलं, तर भाजी कर. भाजी झाली, तर उष्टी काढ. हे गाणं विसरताच येत नाही, कारण त्यात कवित्व नाही, कार्यालयीन पद्धत आहे. प्रत्येक टेबलावर नवा कागद मागतात. वसुली विभागातल्या बाईला ते पाठ असणारच.

मी डोळे मिटले. ती भक्ती नव्हती, समोर बघायचं धाडस नव्हतं. आणि वसुलीच्या आवाजात जे सुरू केलं, ते सून माहेरच्या वाटेला लागेपर्यंत थांबले नाही.

डोळे उघडले तर बैठक चिडीचूप. माझी नजर दाराकडे गेली, चप्पल कुठे काढली ते आठवू लागले. एवढ्यात मामींनी पदराने डोळे पुसले. "कोणाचा अभंग? तुकाराम?"

"नाही. बायकांचा आहे."

"जनाबाई!" मागून एकजण म्हणाली आणि हात जोडले.

मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात मामी बाकीच्यांना तमिळमध्ये निरूपण करायला लागल्या होत्या. सगळ्या माना डोलत होत्या. मी लेकीला हळूच विचारलं, "काय म्हणतायत गं?"

"मामी म्हणतायत, सून म्हणजे आपण सगळे. आत्मा की काय तो."

"आणि सासू?"

"माया."

"आणि कारलं?"

"आपलं कर्म. कडू असतं ना, म्हणून. ते संपवल्याशिवाय जाता येत नाही."

"आणि माहेर?"

"पंढरपूर." मग तिने जरा विचार केला. "आई, आजीला फोन करून सांगू? ती माया आहे म्हणून?"

मी तिच्या तोंडात मूठभर सुंडल कोंबली. पण मनात म्हटलं, बाईचं चुकलं कुठे? पंढरीला माहेर तर आपल्याच संतांनी म्हटलंय. मामींना मराठीतलं तेवढंच माहेर माहीत. एसटीने जायचं, उशिरा उठायचं आणि आईच्या हातचं खायचं ते माहेर त्यांच्या वहीत नव्हतं. इतकी वर्षं आम्ही पोरी खिरापतीवर डोळा ठेवून फेर धरत होतो, आणि आमच्या तोंडून वेदान्त चालला होता. आणि निरूपण ऐकताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते बाकीच्यांनी माझ्या भक्तीच्या खात्यावर जमा केलं. मिरजेला जाऊन सहा महिने होत आले होते.

नवऱ्याने सुंडल खात सगळं ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे तू आता संत."

कीर्तीचे परिणाम लगेच सुरू झाले. तिकडे विजयादशमीला नवी विद्या सुरू करतात. मामी सकाळीच दारात हजर. पुढच्या रस्त्यावरच्या पाट्टू टीचरकडे, म्हणजे गाण्याच्या बाईंकडे, लेकीचं नाव घालायचं ठरलं होतंच. "तुम्हीही चला," मामी म्हणाल्या. "तुमचं शास्त्र वेगळं, आमचं वेगळं. थोडं आमचं घ्या."

टीचरनी श्रुतीचं पेटीयंत्र लावलं आणि मला म्हटलं, "सा लावा." मी लावला. त्यांनी मामींकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पेटीकडे, की बिचारीत बिघाड तर नाही. त्यांना सगळं कळलं. पण भल्या बाई. मामींना एवढंच म्हणाल्या, "पहिल्यापासून करू."

पहिल्यापासून म्हणजे सरळी वरिसै. ज्या स्वरावली पुरंदरदासांनी बसवल्या असं मानतात आणि दक्षिणेतलं प्रत्येक पोर ज्यांच्यापासून सुरू करतं, त्या. राग मायामाळवगौळ, म्हणजे आपल्या भैरवाचे स्वर. वर्गात सहा-सात वर्षांची डझनभर पिल्लं, आणि मी. प्रत्येक स्वरावली तीन गतींत म्हणायची आणि हाताने आदितालाच्या आठ मात्रा मोजायच्या. मांडीवर थाप, करंगळी, अनामिका, मधलं बोट, थाप, हात उलटा, थाप, हात उलटा. पहिल्या गतीत माझं जमलं. दुसऱ्या गतीत तोंड पुढे गेलं आणि हात मागे राहिला. तिसऱ्या गतीत मी नुसत्या थापा मारत होते, तोंडाने आणि हातानेही. शेजारचं एक पिल्लू दर वेळी माझी करंगळी धरून जागेवर आणून ठेवायचं.

दिवाळीपर्यंत लेक पुढच्या धड्याला, जंट वरिसैला गेली. मी मागेच. घरात आता रोज संध्याकाळी अभ्यास घेतला जाई, आणि तो ती माझा घेई. "आई, नी खाली गेला. पुन्हा." जी वाक्यं मी पाढ्यांच्या वेळी तिला ऐकवली होती, ती सगळी व्याजासकट परत आली. "लक्ष कुठाय?" "एवढंसं येत नाही?" "रडून काय होणार आहे?" पोरीवर ओरडायचं नाही हा माझा मूळचा ठराव तेव्हाच अमलात आला, कारण ओरडणारीची जागा भरलेली होती. एकदा नवरा आम्हाला न्यायला आला, तर टीचर त्यालाच म्हणाल्या, "या घरी रियाज करत नाहीत. जरा लक्ष द्या." रस्ताभर तो काही बोलला नाही. फाटकाशी आल्यावर म्हणाला, "घरात एक हुशार आहे, तिच्याकडे बघून तरी शीक."

नोव्हेंबरात तिकडचा पाऊस आला. आपला पाऊस संपतो तेव्हा यांचा सुरू होतो. सकाळी सातला कलेक्टर शाळांना सुट्टी जाहीर करतात, तोपर्यंत डबा भरून झालेला असतो. असाच एक दिवस. लेकीला ताप, खाली गुडघाभर पाणी, नवरा कंपनीच्या बसमध्ये अडकलेला. रात्री तो ओलाचिंब घरात शिरला आणि मी साठवलेलं सगळं काढलं. तुमच्या बदलीपायी नोकरी गेली, माहेर गेलं, आता या वयात पोरांच्यात बसून करंगळ्या मोजतेय. त्याने निमूट टॉवेल घेतला. "बोल," म्हणाला. मला वाटलं, माघार घेतोय. मग म्हणाला, "खरं सांगू? कोल्हापुरात तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नव्हतीस. आता तू सा धरून बसतेस, तेवढ्यात माझी दोन होतात." यावर मला चांगलं तोंडभर उत्तर सुचलं होतं. पण त्याचं तिसरं वाक्य सुरू झालं होतं, आणि मी ऐकत बसले.

मार्गळी महिना लागला, म्हणजे डिसेंबरचा मध्य. पहाटे गल्लीगल्लीतून आंडाळची तिरुप्पावै म्हणत भजनाचे जथे निघतात. मामींनी मला मागच्या रांगेत घेतलं. पहाटे पाचला उठायचा ठराव असा आपोआप पास झाला, फक्त उठवायला मामी दारावर थाप मारीत, तीही तालात. संध्याकाळी सभांमधल्या कचेऱ्या. नवरा हौसेने यायचा. तिथल्या कॅन्टीनची त्याला इतकी माहिती झाली, की कुठल्या सभेत कोण गातंय ते मी सांगायची आणि कुठे कीरै वडा चांगला ते तो. गाणं निम्मं झालं की त्याला तिसरी घंटा ऐकू यायची.

आणि पोंगलला कराडहून सासूबाई आल्या.

सासूबाई स्वतः भजनी मंडळाच्या प्रमुख. पेटी वाजवतात, वारी केलेली आहे. मी त्यांना मोजकंच सांगितलं होतं. मारुतीचं दर्शन झालं, उंची पटली, आणि दुसऱ्याच दिवशी मामी चारपाचजणींना घेऊन दारात. "ज्यांच्या घरचा तो अभंग, त्यांच्याच तोंडून ऐकायचा."

"कुठला गं अभंग?" सासूबाईंनी मला विचारलं.

मी पंख्याकडे बघितलं. लेकीने खुलासा केला. "आजी, तो कारल्याचा. त्यात तू माया आहेस."

सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. गावच्या पारावरच्या दोन दिंड्यांची भांडणं मिटवलेली बाई ती, तिला सगळं प्रकरण तेवढ्यात कळलं. पदर खोचून त्या बसल्या, मामींचा तंबोरा जुळवून घेतला आणि म्हणाल्या, "हिने मधली कडवी गाळली असतील. मी सगळी म्हणते." आणि खरंच, नणंद, जाऊ, दीर, सासरा, सगळ्यांच्या परवानग्या घेत घेत त्यांनी सुनेला माहेरच्या वाटेला लावलं. बायकांच्या आठ मात्रा एकदाही चुकल्या नाहीत. शेवटाला मामी "मोक्ष!" म्हणाल्या आणि सासूबाईंच्या पाया पडल्या. हा अभंग कुठून आला, असं विचारल्यावर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे." एक अक्षर खोटं नव्हतं. मला हे लिफ्टमध्ये सुचायला हवं होतं.

रात्री भांडी आवरताना त्या म्हणाल्या, "बाई चांगली आहे. पण माया म्हणाली, ते काही मला पटलेलं नाही." मग जरा थांबून, "मी आहे आता महिनाभर. पोरीचं नि त्याचं मी बघते. सकाळी मी खालून कारली आणलीत, उद्या भाजी कर, आणि जाऊन ये चार दिवस मिरजेला."

"आई, आत्ता नको," मी म्हटलं. "परवाच मला जंट वरिसैला घेतलंय. टीचर म्हणाल्यात, एकही खाडा चालणार नाही."

सासूबाईंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "अगं, सासू जा म्हणतेय आणि सून नाही म्हणतेय? हे कडवं कुठल्या गाण्यात आहे?"

"आजी, थांब," लेक पायांत चपला सरकवत म्हणाली. "मी मामींना याचा अर्थ विचारून येते."